आतल्या बाजूनं

जिप्सी घेतली तेव्हा तिच्या बॉनेटखाली
कुणीतरी आधीच हात घातलेला होता.
कंपनीचा काळा डबा गायब,
त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा वाकडा पाइप,
पाइपाच्या टोकाला लाल शंकू,
शंकूवर ना नाव, ना नंबर.

"आवाज ऐका मॅडम," विकणारा सिन्नरचा कौतिक म्हणाला होता,
"वाघ आहे."
वाघच होता. पेठच्या घाटात
पुढच्या गाडीतली पोरं मागं वळून बघायची
आणि मी, एक्केचाळीस वर्षांची, सातपूरच्या टूलरूममधली,
खोटं कशाला बोलू,
अजून थोडा पाय दाबायची.

परवा तो शंकू काढला, पायरीवर आपटला.
आधी पडली तांबडी, वाघेऱ्याच्या उतारावरची,
मग निफाडची काळी, पिठासारखी,
मग कुठल्याशा खडी क्रशरची पांढरी,
आणि घड्यांच्या तळाशी चिकटून पिवळसर काही,
मोहाडीच्या द्राक्षबागेतल्या धुरळणीचं गंधक.
त्या दिवशी रस्ता चुकलो होतो
आणि एका मळेवाल्यानं शिव्या देत देत
आम्हाला पाणी पाजलं होतं.
वर्षभराची भटकंती फरशीवर.
केरात भरायला जीव होईना.
मग भरली.

पाइपाचं तोंड मोजायला कामावरचं व्हर्नियर आणलं.
आडवं पंच्याहत्तर पॉइंट चार.
उभं शहात्तर पॉइंट आठ.
हॅकसॉनं कापून, कडा न मारता सोडून दिलेलं.
असलं भोक माझ्या टेबलावर आलं असतं
तर लाल टॅग लावून परत पाठवलं असतं.

मुंबई नाक्याजवळ मुनाफभाई कोकणींचं दुकान.
काउंटर पुसून त्यांनी तीन शंकू मांडले.
"हा स्पंजाचा. धुवा, पिळा, वाळवा, वाळेस्तोवर गाडी उभी.
हा तेल लावलेल्या कापसाचा. तुमच्याचाच सख्खा भाऊ.
हा कागदी. कोरडा. दोन-तीनदा झटकायचा, मग टाकायचा."
"आवाज?"
"कागदाला कसला आलाय आवाज."

सगळ्यात जास्त हवा कोण घेतो, मी विचारलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"हवा सगळेच घेतात हो.
पाइपात बोट घातलंत का कधी?
फिल्टरच्या पलीकडं?"

गाडी दारातच होती. क्लॅम्प सैल केला.
तर्जनी आत घातली, फिरवली, बाहेर काढली.
बारीक, राखाडी, तेलकट.
अंगठ्यानं चोळून पाहिलं, दाणा लागत होता.
टूलरूममध्ये याला आम्ही लॅपिंग पेस्ट म्हणतो,
हिनंच पोलाद झिजवतो,
मुद्दाम, पगार घेऊन.

म्हणजे वाघ गुरगुरत होता तो असा.

कागदी घेतला.
लांबडा बॉनेटला लागत होता, सहा इंची निघाला
सगळ्यात वरच्या फळीवरून, खोक्यावर पालीची अंडी.
"पाइप लंबगोल आहे," मी म्हटलं.
"मग आधी त्याला गोल करा, बाई.
फिल्टर बिचारा काय करणार!"

लाकडी ठोकळा, कानस, सव्वा तास.
पाइप झटकला, पुसला, पुन्हा पुसला.
रबराची मान चढवली, क्लॅम्प आवळला,
बुडावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर.
त्र्यंबक रस्त्यानं परतताना गाडी इतकी गप्प
की सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं भांडण
पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.
बाईचं बरोबर होतं.

सोमवारी ग्राइंडिंगवर होते.
चहाच्या सुट्टीत मास्क उतरवला
आणि सहज, आतल्या बाजूनं,
बोट फिरवलं.
बोटाकडं बघितलं.
चहा तसाच ठेवून स्टोअरकडं गेले.